नोकरीचा भरवसा नाही, घरात काय तयारी ठेवावी?

पुणेरी_आयटीवाला: कंपनीत माणसं कमी करायला लागलेत, घरी आईबाबा आणि लहान मुलगी, आत्तापासून काय करून ठेवू?

कोठीघर: वर्षाचा गहू उन्हाळ्यातच भरा. कडक उन्हात वाळवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा मग एरंडेल चोळून कोठीत भरायचा, वर कडुलिंबाचा सुकलेला पाला, म्हणजे कीड लागत नाही. बोरिक पावडर अजिबात नको, मूल आहे घरात!

हिशेबी: सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि तो बँकेतच. २०२० पासून बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, पतसंस्थेला तो नाही, जास्त व्याजाला भुलू नका. आणि मेडिक्लेम स्वतःचा घ्या, कंपनीचा नोकरीबरोबर जातो.

पुणेरी_आयटीवाला: बाबांची एफडी पतसंस्थेतच आहे, मोडू का?

हिशेबी: मुदत जवळ असेल तर थांबा, पण रिन्यू करू नका.