स्मारक-खिडकीला फुगवटा आलाय, सिलिकॉन भरावं का?

कृष्णाकाठ (सातारा): इथल्या एका जुन्या चर्चमध्ये पहिल्या महायुद्धाची रंगीत काचेची खिडकी आहे, तीन फूट बाय पाच. संत जॉर्ज, खाली १९१४–१९१८ आणि नावांची पट्टी. मधोमध इंचभर फुगलीये, पश्चिमेचा पाऊस आत येतो. काचा शाबूत. गवंडी म्हणतो, सिलिकॉन मारून मोकळे व्हा. नावांवरची काजळीही पुसायची आहे. दोन अक्षरं आधीच गेलीत.

शिसंकाम: सिलिकॉन नकोच. ते काचेला असं चिकटतं की पुढे खिडकी उकलताना काच फुटते. आधी आतल्या आडव्या लोखंडी सळ्या बघा. शिशाची चौकट त्यांना तांब्याच्या तारांनी बांधलेली असते. तारेचा डाग (कथील-शिशाचा सांधा) सुटला की मऊ शिसं स्वतःच्या वजनानं खाली बसतं आणि पोट सुटतं. इंचभरच असेल तर सगळी खिडकी उकलून नव्या शिशात भरायची गरज नाही. तारा ६०-४० कथील-शिशानं डागून परत बांधा. फुगवटा हातानं दाबून सपाट करायला मात्र जाऊ नका, नावाची काच पहिली जाईल.

गळतीला लांबी (पुट्टी): व्हाइटिंग (खडूची बारीक पूड), उकळलेलं जवसाचं तेल, थोडी काजळी. काचेवर येणाऱ्या शिशाच्या कडेखाली दाबायची, वर कोरडी व्हाइटिंग भुरभुरायची म्हणजे जादा तेल ओढलं जातं. सुकायला दोन-तीन आठवडे, म्हणून दिवाळीनंतरच. शिसं हाताळताना हातमोजे घाला, घासून धूळ उडवू नका.

मिरजेचा काचवाला: पुसण्याबद्दल. काळ्या रेषा आणि अक्षरं म्हणजे भट्टीत भाजलेला रंग. भाजणी कच्ची राहिली असेल तर तो बोटानंही निघतो. कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस टेकवा. काळं आलं तर तिथेच थांबा. अमोनियावाला काचक्लीनर, ॲसिड, तारेची घासणी यातलं काहीच नको. पिवळा रंग बहुधा चांदीच्या क्षाराचा आणि काचेच्या बाहेरच्या अंगाला असतो, तो बाहेरून घासूनच घालवतात लोक.

गेलेली अक्षरं मूळ काचेवर रंगवू नका. मागे पातळ साधी काच, अक्षरं तिच्यावर भाजलेली. स्पेलिंग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) यादीत ताडून घ्या, शोध फुकट आहे.

शिसंकाम: बाहेरून पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक प्लास्टिक) पत्रा लावायचं कुणी सुचवेलच. लावा, पण इंच-दोन इंच अंतर आणि वर-खाली जाळी लावलेली हवेची फट ठेवा. चारी बाजूंनी बंद केलं तर आत दव साचतं, उन्हात शिसं तापतं आणि वर्षभरात तुम्ही परत इथेच विचारायला याल.

कृष्णाकाठ: सळ्या तपासल्या. आठपैकी पाच तारा सुटल्यात, एक सळई गंजून दगडात फुगलीये.

शिसंकाम: मग ती सळई आधी. गंज दगड फोडतो. पितळेची किंवा स्टेनलेसची बसवा.