बक्षीसपत्र फिरवायचं तर आधी वकील नको, प्रांत ऑफिस गाठा

कर्नाटकातल्या निपाणीकडच्या आजींनी घर मुलाला बक्षीसपत्रानं दिलं, आता तो सांभाळत नाही. ते परत मिळवायला चांगला वकील कोण, असं एकांनी विचारलंय. इथं दिवाणी दाव्याची घाई करू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढं, निपाणीसाठी चिकोडीत, अर्ज चालतो. वय साठ पूर्ण हवं. आजींना जाणं झेपत नसेल तर त्यांनी लेखी अधिकार दिलेली व्यक्तीही अर्ज करू शकते.

सगळं या कायद्याच्या कलम २३ वर अडतं: सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, परत मिळू शकते. नोंदणीकृत दस्ताची नक्कल काढा आणि "सांभाळ करण्याच्या अटीवर" अशा अर्थाची ओळ आहे का ते शोधा. कन्नड दस्त असेल तर जाणकाराकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. पुष्कळ दस्तांत नुसतं "प्रेमापोटी" एवढंच असतं, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अट सिद्ध व्हायला हवी असं म्हटलंय. बरेच अर्ज इथंच पडतात. मुलाकडून पोटगी मात्र वेगळी मागता येते, कायद्यात कमाल महिना १०,००० रुपये. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ६० दिवस असतात. आदेशाच्या प्रतीवरची तारीख लगेच टिपून ठेवा.

दावा लावावाच लागला तर बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या कायदा सेवा समितीत अर्ज द्या, किंवा १५१०० ला फोन करा.

आणि कळकळीनं सांगते, आजींना न वाचून दाखवलेल्या कन्नड कागदावर अंगठा उठवू देऊ नका, वकीलपत्र असलं तरी.