एसआर गोळी शौचातून अख्खीच पडते, मग औषध अंगी लागतं का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. बाबांना टाइप २ डायबेटिस आहे, वय ७४, मेटफॉर्मिन एसआर (हळूहळू सुटणारी गोळी) रात्रीच्या जेवणाबरोबर घेतात. हल्ली अधूनमधून शौचातून गोळीच्याच आकाराचं पांढरट, मऊ काहीतरी पडलेलं दिसतं त्यांना, आणि आता डोक्यात पक्कं बसलंय की गोळी विरघळतच नाही, सगळं औषध वाया चाललंय. गोळी मोठी आहे, गिळताना अडकल्यासारखं होतं, त्यामुळे म्हणतात कुटून पाण्यातून घेतो म्हणजे पूर्ण लागेल. आईचंही तेच मत. मी सध्या थांबवलंय पण का नको ते मला नीट सांगता येत नाहीये. कुटली तर नेमकं काय बिघडतं? आणि अशी गोळी बनवतातच कशाला, साधी का नाही देत?

गोळीघर
कुटू देऊ नका, आणि घाबरूही नका. मी गोळ्यांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जे पडतंय तो गोळीचा रिकामा सांगाडा आहे. या गोळीत औषधाबरोबर हायप्रोमेलोजसारखं पॉलिमर असतं, ते पाणी लागलं की फुगतं आणि त्याचा चिकट जेल होतो, औषध त्या जेलमधून हळूहळू झिरपत कित्येक तास बाहेर येत राहतं. औषध संपतं पण जेल कधीकधी पूर्ण झिजत नाही आणि तसाच खाली उतरतो. मेटफॉर्मिन एक्सआरच्या (एसआरसारखीच हळू सुटणारी) माहितीपत्रकात हे छापलेलंच असतं, की मूळ गोळीसारखा मऊ गोळा शौचात दिसू शकतो. बाबांना तो कागदच वाचायला द्या, आपल्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आता अशी गोळी का, तर मेटफॉर्मिनचा स्वभावच अडचणीचा आहे. रक्तातलं प्रमाण साधारण ६ तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. बरं, नुसती हळू सुटणारी गोळी केली की झालं असंही नाही, कारण हे औषध मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं. गोळी तो भाग ओलांडून पुढे गेली की मागाहून सुटलेलं औषध बहुतेक फुकट. म्हणून गोळी जठरातच जास्त वेळ थांबली पाहिजे. भरल्या पोटी जठर मोठे तुकडे लवकर पुढे सोडत नाही, आणि फुगलेली गोळी तर मोठीच असते. उपाशी पोटी मात्र जठर थोड्या थोड्या वेळाने जोराने आकुंचन पावून उरलंसुरलं सगळं पुढे ढकलून देतं, त्यात गोळीही जाते. जेवणाबरोबर घेतली तर एक्सआर मेटफॉर्मिन सुमारे ५०% जास्त शोषलं जातं, ते यामुळेच. तेव्हा रात्रीच्या जेवणाबरोबर हा नियम बाबांना काटेकोर पाळायला सांगा.

कुटली की हे सगळं गेलं. पूर्ण डोस एकदम सुटणार, मळमळ-जुलाब वाढणार आणि पुढचे तास औषध कमी पडणार. मेटफॉर्मिनमध्ये निदान पोटावरच निभावतं, पण ब्लड प्रेशरची निफेडिपिनची लाँग ॲक्टिंग गोळी कुटली तर प्रेशर धोकादायकरीत्या कोसळू शकतं.

सदाफुली२२
बरोबर, आणि एसआरने शुगर पण साध्या गोळीपेक्षा जास्त उतरते ना, म्हणूनच डॉक्टर ती देतात. माझ्या सासऱ्यांना बदलून दिल्यावर छान फरक पडला.

रात्रपाळी
ताई, इथे थोडं थांबवतो. सारख्याच डोसला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) दोन्ही गोळ्यांनी साधारण सारखंच उतरतं. एसआरमध्ये पोटाच्या तक्रारी कमी होतात आणि दिवसातून एकदाच घ्यावी लागते. सासऱ्यांचा फरक बहुधा डोस चुकणं बंद झाल्यामुळे असेल, आणि तो फरक अजिबात लहान नाही हो. डब्ल्यूएचओच्या २००३ च्या अहवालात होतं की विकसित देशांतसुद्धा जुनाट आजाराचे सरासरी ५०% च पेशंट औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. हृदयरोगात अंपायर नावाच्या ट्रायलमध्ये (२०१३, भारत आणि युरोपमधले मिळून २००४ जण) वेगवेगळ्या गोळ्यांऐवजी सगळी औषधं एका गोळीत दिली तर नियमित घेणाऱ्यांचं प्रमाण ६५% वरून ८६% वर गेलं. औषधं त्याच प्रकारची होती बरं का! मला मनापासून वाटतं की नवीन मॉलिक्यूल आलं की आपण हुरळून जातो आणि औषध पोचवायच्या पद्धतीवरच्या या कामाकडे कुणी बघतच नाही. डायबेटिसचं आठवड्यातून एकदाचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन, आणि २०२४ मध्ये युरोपात मंजूर झालेलं आठवड्याचं आयकोडेक इन्सुलिन, हे सगळं त्याच वाटेवरचं आहे.

गोळीघर
अगदी. आणि सेमाग्लुटाइडच्या गोळीचे नियम किती कडक बघा, उपाशी पोटी, जेमतेम १२० मिली पाण्याबरोबर, नंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही. एवढं करून त्यातलं जेमतेम १% च्या आसपास रक्तात पोचतं. मेटफॉर्मिन एसआर जेवणाबरोबर आणि ही रिकाम्या पोटी, दोन्ही एकाच माणसाला असतील तर घरात गोंधळ होतोच, तेव्हा वेळा डब्यावर लिहून ठेवाव्यात.

पिंपळपान
खूप आभार, आता बाबांना सांगता येईल. पण गिळायच्या त्रासाचं काय? अर्धी तोडली तर? त्यांची मेटोप्रोलॉल एक्सएल (प्रेशर-हृदयासाठीची, हीसुद्धा हळू सुटणारी) ते मधल्या रेघेवर तोडून घेतात, डॉक्टरांनीच सांगितलंय.

गोळीघर
त्या एक्सएल गोळीत, म्हणजे मेटोप्रोलॉल सक्सिनेटमध्ये, औषध असंख्य बारीक दाण्यांत भरलेलं असतं आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं वेगळं आवरण असतं, त्यामुळे रेघेवर तोडली तरी चालतं, फक्त चावायची किंवा कुटायची नाही. मेटफॉर्मिन एसआरमध्ये अख्खी गोळीच ते काम करते म्हणून ती तोडायचीही नाही. डॉक्टरांना विचारा, कमी ताकदीच्या लहान एसआर गोळ्या, साधी गोळी किंवा मेटफॉर्मिनचं लिक्विड असे पर्याय असतात, मात्र साधी किंवा लिक्विड घेतली तर डोस दिवसभरात विभागून घ्यावा लागेल.

रात्रपाळी
आणि गिळायचा त्रास नवीन असेल, जेवतानाही अडकत असेल, तर ते आधी दाखवा, गोळीचा विषय नंतर. जुलाब लागलेत आणि सोबत शुगरही चढतेय असं झालं तर मात्र गोळी पडतेय हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. जाताय तर क्रिएटिनिन-ईजीएफआर (किडनीची तपासणी) कधी केलंय ते बघा, ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत. बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ सुद्धा करून घ्या, ते कमी होतं यात.

पिंपळपान
बी१२ कधीच केलेलं नाही, आणि पायाला मुंग्या येतात म्हणत होते. दोन्ही लिहून घेतलं, याच आठवड्यात जातो.