भाताच्या कडा करप्याला टिकणारं जाड दाण्याचं बियाणं हवं आहे

मालवणजवळचं पाणथळ मळ्यातलं भात. फुटवे येताना पानांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडून वाळत येतात. पान कापून स्वच्छ पाण्यात धरलं की दुधाळ धार सुटते, म्हणजे जिवाणूच, बुरशी नाही. युरिया कमी केला, ताम्रयुक्त औषध फवारलं, पण पाऊस ते धुऊन नेतो. वरच्या कुणग्यातलं (भातखाचरातलं) पाणी आमच्यातच उतरतं, वळवता येत नाही.

म्हणून बियाणंच बदलायचं आहे. हा झँथोमोनस जिवाणू भाताच्या पेशीत स्वतःची प्रथिनं सोडतो. ती स्वीट ११, स्वीट १४ अशा जनुकांच्या आधीच्या भागावर बसून ती जनुकं चालू करतात आणि पेशीतली साखर बाहेर येऊन जिवाणूला मिळते. एक्सए१३ हे प्रतिकारक जनुक असलेल्या वाणात स्वीट ११ ची ती जागाच बदललेली असते. पण स्वीट १४ वापरणाऱ्या जिवाणूपुढे ते एकटं पुरत नाही. सुधारित सांबा मसूरीत एक्सए५, एक्सए१३ आणि एक्सए२१ तिन्ही आहेत, पण दाणा बारीक. आम्हाला पेजेच्या उकड्यासाठी जाड दाणा लागतो. वाण निमगरवा (मध्यम मुदतीचा) हवा आणि संकरित नको, कारण बी घरचंच ठेवतो.

अशी एकाहून जास्त प्रतिकारक जनुकं असलेला जाड दाण्याचा वाण कोकणात कुणी लावला आहे का, आणि बियाणं कुठून आणलं?