जुना डेस्कटॉप फार रखडतोय. आधी डेटा वाचवू की डिस्क तपासू?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे, जरा तातडीने.

घरचा डेस्कटॉप २०१३ साली घेतलेला. आय३ तिसरी पिढी, एच६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. गेले तीन महिने त्याने अगदी जीव नकोसा केला आहे. बटण दाबल्यापासून काम सुरू करेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. वर्डमध्ये मी 'काळजीपूर्वक' लिहून थांबते, तर पडद्यावर नुसतं 'काळ'. बाकीची अक्षरं मागाहून एकदम येऊन आदळतात आणि त्यात एखादी वेलांटी गळालेली असते.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्क्यांच्या वर जात नाही, डिस्क मात्र सतत १००. व्हायरस स्कॅन केला, काही सापडलं नाही. स्टार्टअपमधलं नको ते सगळं बंद केलं, फरक शून्य.

मध्यंतरी तारीखही मागे जायची आणि प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडायची. तो मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. नवा टाकला, ते दुखणं गेलं. कुणाला असा त्रास असेल तर आधी तो सेल बघा.

आता खरी काळजी. कॅबिनेटमधून अधूनमधून टक... टक... आवाज येतो आणि तेवढा वेळ माउससुद्धा हलत नाही. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा इशारा दाखवतं. 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) आठवड्यापूर्वी ८ होते, काल २४. याच डिस्कवर बाबांनी सत्तरी उलटल्यावर टायपिंग शिकून लिहिलेल्या आठवणी आहेत, १४० पानं. दुसरी प्रत नाही, ही चूक माझीच. काल पेन ड्राइव्हवर घ्यायला गेले तर पहिल्या तीन फायली आल्या, चौथीवर तासभर अडकून पडलं. शेवटी बंद केलं.

एका ओळखीच्यांनी चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवायला सांगितलं. पण डिस्क मरायला टेकलेली असताना तिला एवढं राबवणं मला धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा ती काढून दुसऱ्या मशीनला लावावी आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढा डेटा उतरवणारा प्रोग्राम) आधी पूर्ण प्रत काढावी का? हे कुणी स्वतः केलं आहे का? की सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी?

फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायचं नंतर. या बोर्डवर डिस्क जोडायला जुनी, कमी वेगाची साटा २ जोडणीच आहे, तरी फरक पडेल ना? विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायचा विचार आहे. तिथे मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड नीट चालतो का, तेही सांगा.

तोवर मशीनचा प्लग काढून ठेवला आहे. हे फोनवरून लिहिते आहे, आणखी काही माहिती लागली तर विचारा.