सल्ला हवा: संवहनी ढगांवर प्रबंध, आता पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनजागा) कुठे आणि कसा शोधावा?

समदाब (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. प्रबंध संपत आला आहे. विषय संवहनी (वर उसळणाऱ्या हवेतून बनणाऱ्या) ढगांचा: डब्ल्यूआरएफ हे हवामान मॉडेल, ३ किमी ग्रिड, मायक्रोफिजिक्सची (ढगातले थेंब आणि बर्फकण कसे वागतात याची) योजना बदलली की पावसाच्या तीव्रतेत काय फरक पडतो. दोन पेपर छापून आले, तिसरा समीक्षकांकडे आहे. डिफेन्स (प्रबंधाची तोंडी परीक्षा) सप्टेंबरच्या अखेरीस.

अटी आधीच सांगतो. जानेवारीपर्यंत रुजू व्हायचं आहे, तेव्हा विद्यावेतन संपतं. नेमणूक निदान दोन वर्षांची हवी, घरात लहान मूल आहे. देश कुठलाही चालेल. काम मॉडेलचंच हवं, निव्वळ मशीन लर्निंग नको. फेलोशिपच्या मागे लागू की प्रकल्पातली जागा पाहू? आणि जागा नेमक्या शोधायच्या कुठे?

ईशान्यवारा
मारी क्युरी, म्हणजे युरोपीय संघाची पोस्टडॉक फेलोशिप. दुसरा विचारच करू नका. दोन वर्षं, विषय आपला, कुटुंब असेल तर वेगळा भत्ता, आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्या नावाचं वजन पडतं. प्रस्तावाचा मुख्य भाग दहा पानांचा. गुणांत गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. लोक शास्त्राची आठ पानं लिहितात आणि परिणाम दोन परिच्छेदांत उरकतात, तिथेच गुण जातात. अंमलबजावणीच्या भागात गँट तक्ता, जोखमींचा तक्ता आणि प्रत्येक जोखमीला पर्यायी वाट हवीच. 'संगणकवेळ कमी पडला तर ग्रिड ५ किमी करू, अमुक प्रयोग वगळू' इतकं नेमकं लिहा.

त्रिकोणजाळी
माझं मत प्रकल्पातल्या जागेकडे. पैसा आधीच मंजूर असतो, मुलाखतीपासून दोन-तीन महिन्यांत रुजू होता येतं. सध्या किलोमीटर-स्केल मॉडेलिंगला बरीच मागणी आहे आणि तुम्ही ३ किमीवरच काम केलं आहे. फक्त डब्ल्यूआरएफपुरते राहू नका. आयकॉन हे दुसरं हवामान मॉडेल जानेवारी २०२४ पासून मुक्तस्रोत आहे. उतरवा, छोटी केस चालवा, त्रिकोणी जाळीवरचं आउटपुट वाचायला शिका.

अवक्षेप
+१ प्रकल्पाला. एक भर घालतो. डब्ल्यूआरएफमध्ये नेमलिस्टमधला (सेटिंगच्या फाईलमधला) आकडा बदलणं म्हणजे मॉडेल विकसित करणं नव्हे, आणि मुलाखतीत हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात: 'कोडमध्ये तुम्ही स्वतः काय बदललंत?' थॉम्पसन या मायक्रोफिजिक्स योजनेत ग्रॉपेलचा (मऊ गारांचा) पडण्याचा वेग बदलून पाहिला असेल तर सीव्हीत तसंच लिहा. 'डब्ल्यूआरएफमध्ये प्रावीण्य' या ओळीतून काहीच कळत नाही.

त्रिकोणजाळी
नेमलिस्टवाल्यांना इतकं कमी लेखू नका. ३ किमीवर क्युम्युलस योजना (जाळीत न मावणाऱ्या संवहनाचा अंदाज धरणारी) बंद ठेवायची की उथळ संवहनाची चालू ठेवायची, याचं उत्तर कारणासह देणारे उमेदवार फार थोडे असतात. १ ते १० किमीचा करडा पट्टा, जिथे मॉडेलला संवहन अर्धवटच दिसतं, हाच तर आजचा प्रश्न आहे.

अवक्षेप
कारण देता आलं पाहिजे, एवढंच म्हणतोय. आणि पाऊस रीग्रिड करताना (एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर नेताना) बायलिनियर पद्धत वापरू नका. बारीक जाळीवरून जाड जाळीवर जाताना बायलिनियर शेजारचे मोजके बिंदू उचलतो, मधले सगळे सोडतो, एकूण पाऊस जुळत नाही. सीडीओ या साधनात कॉन्झर्व्हेटिव्ह (एकूण पाऊस राखणाऱ्या) वजनांची फाईल एकदा बनवा आणि तीच सगळ्या फाईलींना लावा. अर्जातल्या आकृतीत हे चुकलेलं दिसलं की जाणता पीआय (प्रकल्पप्रमुख) पुढे वाचत नाही.

पुनर्विश्लेषण
'निव्वळ मशीन लर्निंग नको' ही अट सोडा, असं सुचवेन. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय अंदाज केंद्राचं एआयएफएस हे मशीन लर्निंगचं मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून दैनंदिन वापरात आहे. या जागांना अर्ज करणारे बरेच जण संगणकशास्त्राचे असतात. त्यांना पायटॉर्च (मशीन लर्निंगचं साधन) येतं, पण ईआरए५ या पुनर्विश्लेषणातला (निरीक्षणं आणि मॉडेल जोडून केलेल्या जुन्या हवामानाच्या नोंदीतला) पाऊस हा निरीक्षण नसून मॉडेलचा अल्पकालीन अंदाज आहे हे ठाऊक नसतं. त्यावर शिकवलेलं जाळं ईआरए५ मागच्या आयएफएस मॉडेलच्या संवहनाच्या चुकाही शिकतं. शिवाय वर्गत्रुटी (चुकीचा वर्ग) कमी करायला शिकवलं की तीव्र पाऊस सपाट होतो. हे सांगू शकणारा ढगांचा माणूस त्या गटांना हवाच असतो.

ईशान्यवारा
मशीन लर्निंगही मारी क्युरीत करता येतं.

कागदपत्र
मारी क्युरी सुचवणाऱ्यांनी धाग्यातली तारीख वाचलेली दिसत नाही. मुदत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपते आणि त्या दिवशी पीएचडी पूर्ण असावी लागते. यांचा डिफेन्स सप्टेंबरअखेर आहे. म्हणजे या वर्षी पात्रताच नाही. पुढच्या वर्षी अर्ज केला तर निकाल त्यापुढच्या फेब्रुवारीत, मग करार, मग व्हिसा. जानेवारीची अट कुठल्या कुठे गेली. २०२५ च्या फेरीला सतरा हजारांवर अर्ज आले होते, तेही मोजा.

समदाब, तुमच्यासाठी वेळेत बसणारा मार्ग प्रकल्पाचाच. अर्जाआधी पीआयला चार गोष्टी विचारा. निधी कुठला आणि कधी संपतो? करार नोकरीचा आहे की विद्यावेतनाचा? '२+१' असेल तर तिसरं वर्ष कशावर अवलंबून? रुजू व्हायला पदवीचं प्रमाणपत्रच लागतं की सर्व अटी पूर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र चालतं? शेवटच्या प्रश्नात बरेच जण अडकतात. डिफेन्स होतो, पण पदवी दीक्षान्त समारंभानंतर मिळते, आणि मनुष्यबळ विभाग कराराची तारीख पुढे ढकलत राहतो. पत्राचा मसुदा विद्यापीठाकडून आत्ताच मागून ठेवा.

मृगधारा
कागदपत्र यांच्याशी सहमत. नोकरीचा करार की विद्यावेतन हा प्रश्न मूल असणाऱ्यांनी सगळ्यांत आधी विचारावा. विद्यावेतनात बहुधा पेन्शन आणि बेकारी विमा नसतो, आजारपणाची आणि पालकत्वाची रजाही धूसर असते. फेलोशिप म्हटलं की हेच.

ईशान्यवारा
सगळ्या फेलोशिप एका माळेत ओवू नका. मारी क्युरीत यजमान संस्थेला सामाजिक सुरक्षेसह नोकरीचा करार द्यावा लागतो. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपचं विद्यावेतन आहे हे खरं, पण अर्ज वर्षभर कधीही करता येतो आणि पीएचडीनंतर चार वर्षांची मुभा आहे. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपचा अर्ज तर सहसा उमेदवार करत नाही, यजमान संशोधक आपल्या संस्थेमार्फत करतो. म्हणून तिथे आधी यजमान पटवावा लागतो.

मृगधारा
माहिती चांगली आहे, पण यातलं जानेवारीत काय बसतं?

त्रिकोणजाळी
'कुठे शोधायचं' हे मागेच राहिलं. मेट-जॉब्ज ही मेलयादी पहिली, वातावरणशास्त्राच्या बहुतेक जाहिराती तिथे येतात. मग क्लिमलिस्ट ही मेलयादी, युरॅक्सेस हे युरोपीय पोर्टल, ईजीयू आणि एएमएस या शास्त्रसंघटनांची नोकरीपानं. नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे. पण उत्तरेकडच्या देशांत मुदत संपल्यावर तज्ज्ञ समिती, तिचा अहवाल, क्रमवारी असं चालतं, चार-पाच महिने सहज जातात. जानेवारी गाठायचा तर तिथले अर्ज आत्ताच जायला हवेत. अमेरिकेत एनकार या वातावरण संशोधन केंद्राची एएसपी फेलोशिप, चालू असेल तर, चांगली आहे. नासाची पोस्टडॉक योजना परदेशी नागरिकांना खुली आहे. एनएसएफची वातावरणशास्त्राची पोस्टडॉक फेलोशिप मात्र फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांना, तिच्यावर वेळ घालवू नका.

जाहिरात नसतानाही पीआयला मेल करा. दीडशे-दोनशे शब्द. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या एखाद्या पेपरातल्या एका निष्कर्षाला धरून तुमचा प्रश्न, पुढे तुमचा एक निकाल आणि त्याची एकच आकृती, मग उपलब्धतेची तारीख. सीव्ही दोन पानं. कोड झेनोडो या खुल्या संग्रहावर टाकून डीओआय (कायमचा दुवा) द्या. 'आदरणीय महोदय, मला आपल्या सन्माननीय गटात' अशी सुरुवात असलेली मेल कुणी पूर्ण वाचत नाही.

आकृतीसाठी सोपा मार्ग: डायमंड तुलनाप्रकल्पाचा पहिला टप्पा, १ ऑगस्ट २०१६ पासूनचे ४० दिवस, नऊ मॉडेलं, त्यातली आठ ५ किमीच्या आतली. पहिले दहा दिवस स्पिन-अप (मॉडेल स्थिरावण्याचा काळ) म्हणून सोडा, उरलेल्यांवर तुमच्या प्रबंधातलं एक मोजमाप लावून पाहा. 'तुमच्या मॉडेलवर माझी पद्धत अशी दिसते' हे पहिल्याच मेलमध्ये दाखवता आलं तर उत्तर यायची शक्यता खूप वाढते.

अवक्षेप
आणि नकाशांना इंद्रधनुषी रंगपट्टी नको.

मृगधारा
शिफारसपत्रांचं कुणी बोललं नाही. तीन लागतात, त्यातलं एक गाईड आणि समितीबाहेरच्या माणसाचं हवं. बऱ्याच पोर्टलांवर तुम्ही 'सबमिट' केल्यावरच शिफारसकर्त्याला दुवा जातो आणि पत्राची मुदतही तीच असते. शेवटच्या रात्री अर्ज भरला तर त्यांच्या हातात काही तास उरतात, पत्र येत नाही आणि अर्ज अपूर्ण म्हणून बाद होतो. आठवडाभर आधी सबमिट करा. तीन आठवडे आधी प्रत्येकाला एक पानाचे मुद्दे पाठवा: कुठली जागा, त्यांनी तुमच्या कुठल्या कामाबद्दल लिहावं, मुदत कधी.

समदाब (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. मेलची सूचना लगेच अमलात आणली, दोन गटांशी मुलाखती झाल्या. समोर दोन प्रस्ताव आहेत.

पहिला: किलोमीटर-स्केल आयकॉन, तीन वर्षं, नोकरीचा करार. काम मुख्यतः ओपनएसीसी हे साधन वापरून कोड जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) नेण्याचं. दुसरा: १८ महिने, नोकरीचा करार, जमिनीवरचं ढगरडार आणि अर्थकेअर उपग्रह यांची मोजमापं वापरून संवहनातले उभे वेग तपासायचे. मॉडेल त्यांचं, चालवायचं मी, पण निम्मा वेळ मोजमापांत.

त्रिकोणजाळी
पहिला. यात प्रश्नच नाही. तीन वर्षं आणि जीपीयूचं कौशल्य, पुढे कुठेही चालेल.

कागदपत्र
पहिला. १८ महिन्यांचा करार म्हणजे बाराव्या महिन्यापासून पुन्हा अर्ज. दोन वर्षांची अट तुम्हीच घातली होती.

पुनर्विश्लेषण
पहिला. जीपीयू आलं की मशीन लर्निंगचीही दारं उघडतात.

रडारवाली
मी मोजमापांच्याच बाजूची, तरी सावध करते. निम्मा वेळ म्हणतात, तो निम्म्यावर राहत नाही. ९४ गिगाहर्ट्झचा रडार जोराच्या पावसात क्षीण होतो, त्यामुळे तुम्हाला हव्या त्या तीव्र संवहनातच वरचा भाग नीट दिसत नाही. मायक्रोवेव्ह रेडिओमीटरचं रेडोम (वरचं आवरण) भिजलं की त्या वेळचे आकडे टाकावे लागतात, आणि त्याचं द्रव नायट्रोजनचं कॅलिब्रेशन ठरल्या वेळी कुणीतरी करावंच लागतं. नव्या माणसाकडे तेच येतं. कॅलिब्रेशन कुणाकडे आहे हे लेखी विचारा. अर्थकेअर मे २०२४ मध्ये अवकाशात सोडला, त्यावर डॉप्लर (वेग मोजण्याची सोय) असलेला अवकाशातला पहिला ढगरडार आहे. पण तीव्र संवहनात डॉप्लरचा वेग फोल्ड होतो (मोजमर्यादेबाहेर जाऊन उलटा दिसतो) आणि लहरी ढगात अनेकदा विखुरल्याने बिघडतो, तो दुरुस्त करायलाच काही महिने जातील.

समदाब (धागाकर्ता)
दुसरा स्वीकारतो आहे. बहुमत पहिल्याकडे आहे, म्हणून कारणं देतो. प्रबंधभर मी एका योजनेची दुसरीशी तुलना केली, कारण उभ्या वेगाचं मोजमाप हाताशी नव्हतं. कोणती योजना बरोबर हे मला आजही सांगता येत नाही. आयकॉनच्या जागेत तीन वर्षं कोड हलवला तरी तो प्रश्न तसाच राहील. मुदतीचं म्हणाल तर निधी कधीपर्यंत आहे हे कागदपत्र यांच्या यादीप्रमाणे विचारलं. प्रकल्प आणखी ३० महिने चालणार आहे, १८ महिने ही संस्थेची पहिल्या कराराची मर्यादा. मुदतवाढ प्रकल्पाच्या निधीतून करता येईल असं पीआयने लेखी दिलं आहे. हमी नाही, पण घरी बोलून हे पत्करलं. कॅलिब्रेशन तंत्रज्ञांकडे आहे, तेही मेलमध्ये आलं आहे.

कागदपत्र
'करता येईल' आणि 'करू' यांत फरक आहे. मला पटलेलं नाही. पण एक ध्यानात ठेवा: पुढे मारी क्युरीचा विचार असेल तर यजमान देशात मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आता ज्या देशात जाताय तिथे वर्ष उलटलं की तिथलाच यजमान धरता येणार नाही.

ईशान्यवारा
म्हणून दुसऱ्या देशातला यजमान आत्तापासून हेरून ठेवा. रुजू झाल्यावरचा पहिला सप्टेंबर चुकवू नका.

रडारवाली
घेताच आहात तर रुजू होण्याआधी क्लाउडनेटपाय हे ढगांच्या मोजमापांचं वर्गीकरण करणारं साधन चालवून बघा, मुक्तस्रोत आहे, पायथनमध्ये आहे. एखाद्या स्थानकाचा पावसाचा दिवस घ्या आणि वर्गीकरणात वितळणारा थर कुठे पकडला जातो ते पाहा. मग त्याच वेळचं मॉडेल आउटपुट थेट शेजारी ठेवू नका. आधी रडार सिम्युलेटरमधून (मॉडेलचे ढग रडारला कसे दिसतील ते काढणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढा. मॉडेलमधल्या बर्फाच्या वस्तुमानाची आणि रडारच्या परावर्तकतेची सरळ तुलना होत नाही, कारण परावर्तकता मोठ्या कणांच्या बाजूने झुकते. सिम्युलेटरला कणांच्या आकारांचं वाटप लागतं, ते तुमच्या मायक्रोफिजिक्स योजनेत आहे तेच द्या. तिथे ठोकळ मूल्य टाकलं तर योजनांमधला फरक पुसला जाईल, आणि तुम्हाला तर तोच मोजायचा आहे.

समदाब (धागाकर्ता)
हे उपयोगी आहे. थॉम्पसनमध्ये हिमकणांच्या (स्नो) आकारांचं वाटप नेहमीच्या घातांकी रूपाचं नाही. सिम्युलेटरमध्ये ते हाताने लिहावं लागेल का?

रडारवाली
हो, बहुतेक वेळा लिहावंच लागतं. दोन घटकांच्या बेरजेचं वाटप आहे ते. गुणांक योजनेच्या कोडमधून उचला, पेपरमधून नको. आवृत्तीनुसार बदललेले असतात.