लेकीचं लोकेशन कायम चालू ठेवायला लावावं का?

रंकाळाकाठ:
मुलगी 19 ची आहे, पुण्यात सेकंड इयरला, होस्टेलवर राहते. जाताना ह्यांनी तिच्या फोनवर लोकेशन शेअरिंग लावून दिलं, तासाभराचं नाही, आपण बंद करेपर्यंत चालू राहतं ते. सुरुवातीला बरं वाटायचं, एसटी कात्रजला आली का, स्वारगेटला उतरली का, फोन न करता कळायचं. पण ह्यांना सवयच लागली हो, जेवताना पण फोन ताटाशेजारी. जुलैत एका रात्री टीव्हीवर बातमी लागलेली, खडकवासल्यातून पाणी सोडलं, मुठेचं पात्र भरलं, आणि हिचा ठिपका बरोब्बर नदीत! चाळीस मिनिटं हलला नाही, फोन लागत नाही. ह्यांनी रेक्टर मॅडम, रूममेट, रूममेटची आई, सगळ्यांना फोन करून उठवलं. आणि ही डेक्कनला मैत्रिणींबरोबर डोसा खात बसलेली, बॅटरी संपलेली. होस्टेलवर सगळ्यांनी चिडवलं तिला. तेव्हापासून तिनं शेअरिंग बंद केलंय आणि बापाशी बोलणं पण जवळजवळ बंदच. हे म्हणतात लपवायचं नसेल तर चालू ठेवायला काय जातंय. मला दोघांचं पटतंय, काय करावं?

सदाशिवपेठी:
पहिलं म्हणजे पुण्यात नदीपात्रात ठिपका दिसला तर माणूस गाडी लावतोय असं समजायचं, आम्ही सगळे तिथंच लावतो 😀 (पाणी सोडल्यावर नाही अर्थात).
आता सिरीयसली. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं ते ह्यांना दाखवा. माणूस त्या वर्तुळात कुठंतरी आहे एवढाच त्याचा अर्थ. हॉटेलात आत बसलं की जीपीएस नीट मिळत नाही, मग फोन टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो आणि वर्तुळ मोठं होतं. डेक्कनपासून नदी किती लांब आहे, आला ठिपका पाण्यात. आणि फोन बंद पडला की शेवटची जागाच दिसत राहते, खाली किती मिनिटांपूर्वीची ते लिहिलेलं असतं, पण घाबरलेला माणूस ते वाचत नाही.

होस्टेल_रूम_214:
काकू मी पण होस्टेलवर राहते म्हणून लिहितेय. लपवायचं काही नसतं ओ, पण साडेसातला एफसी रोडवर दिसले की साडेसात वाजून एक मिनिटानं "तिथं काय करतेस" असा मेसेज येतो ना, त्याचा वैताग येतो. माझी एक मैत्रीण फोन रूमवर ठेवून बाहेर जायची, घरच्यांना वाटायचं अभ्यास चाललाय. म्हणजे खरंच काही झालं असतं तर फोन पण जवळ नाही. जबरदस्तीनं हेच होतं.
आणि खरं सांगू का, आईबाबांपेक्षा बाकीच्यांना काय दिसतं त्याची काळजी जास्त करा. स्नॅपचॅटवर 2017 पासून मॅप आहे, आपण आत्ता कुठं आहोत ते फ्रेंड्सना दाखवणारा, इन्स्टानं पण 2025 मध्ये तसलाच आणला. त्यात फ्रेंडलिस्टमध्ये दोन-अडीचशे जण असतात, शाळेतले, क्लासमधले, कोणाच्या तरी भावाचा मित्र. आमच्यातल्या एकीला असाच क्लासमधला मुलगा सारखा "योगायोगानं" भेटायचा, कॅफेत, लायब्ररीखाली, एकदा तर तिच्या मावशीच्या सोसायटीच्या गेटवर. तीन आठवड्यांनी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या मुलीला विचारा घोस्ट मोड (म्हणजे मॅपवर कोणालाच न दिसणं) लावलाय का, किंवा फक्त निवडलेल्या चार जणींना दिसेल असं ठेवलंय का. रागवून नका विचारू पण.

सकाळी_पाचला:
रूम 214 ला +1. मी रनिंग करतो, स्ट्राव्हावर (धावल्याचा रस्ता नकाशावर रेघेनं दाखवणारं ॲप) रोजचा रन टाकायचो, आणि प्रत्येक रेघ सुरू कुठून, तर माझ्या बिल्डिंगच्या गेटातून. वर सकाळी 5:10 ही वेळ. चोराला आणखी काय पाहिजे! सेटिंगमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवता येतो, 200 मीटरपासून 1600 मीटरपर्यंत. आपण तर सोडाच, 2018 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं त्यांच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या रेघा एकत्र उजळून दाखवणारा नकाशा) अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ दाखवून दिले होते, जवान धावायचे आणि अंधाऱ्या वाळवंटात तेवढीच रेघ उजळायची.

नानांचा_धाकटा (दुबई):
मी दुसरी बाजू सांगतो. आमचे नाना 74 वर्षांचे, दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर वारीला जातात. त्यांच्या फोनवर शेअरिंग कायम चालू आहे, त्यांना विचारून लावलंय. मी इथं ऑफिसात बसून बघतो, सासवड झालं, जेजुरी झाली, आज नीरा ओलांडली, आणि खरं सांगतो मन भरून येतं. पण पहिल्या वर्षी काय झालं, दिवेघाट नाना अर्ध्या तासात चढले! मी बायकोला म्हटलं नाना विमानात बसले की काय. फोन दिंडीच्या ट्रकमध्ये, सामानाबरोबर चार्जिंगला, आणि नाना मागं टाळ वाजवत चालत येतायत. ठिपका फोनचा असतो, नानांचा नाही. तेव्हापासून दिंडीप्रमुखांचा नंबर घेऊन ठेवतो, तो जास्त कामाला येतो.
ताई, तुमच्यासाठी व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन पुरे आहे, 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास, आपोआप बंद होतं. कोल्हापूर-पुणे प्रवासाला 8 तास भरपूर झाले. लेकीनं स्वतः पाठवायचं, तुम्ही मागायचं नाही.

घाटवाटा:
ट्रेकला जात असेल तर ह्यातलं कशावरही विसंबू नका. फोनला स्वतःची जागा नेटवर्कशिवाय कळते, पण ती तुम्हाला पाठवायला नेटवर्क लागतंच. हरिश्चंद्रगडाच्या मागच्या बाजूला ठिपका तासन्‌तास एका जागी उभा राहतो. कुठल्या वाटेनं चढणार, कुठून उतरणार आणि पायथ्याच्या गावात कुणाकडं जेवण सांगितलंय, हे लिहून घ्या तिच्याकडून.

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. लेकीला नानांच्या विमानाची गोष्ट वाचून दाखवली, हसली. ठरलं असं की प्रवासाच्या दिवशी 8 तासांचं, आणि रात्री 9 नंतर बाहेर असेल तर रिक्षात बसल्यावर तासाभराचं. स्नॅपवर तिचं 180 जणांना दिसत होतं! आता पाच जणींना दिसतं.
तिनं पण अट घातली, बाबांनीसुद्धा आठवडाभर स्वतःचं कायम चालू ठेवायचं. हे जोरात हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन, "बाबा, फिरायला गेलाय ना? मग खासबागेत भेळेच्या गाडीपाशी वीस मिनिटं काय करताय, शुगर किती आहे तुमची?" हे म्हणे, अगं ते वर्तुळ मोठं असतं, नक्की सांगता येत नाही.

सदाशिवपेठी:
😂 वर्तुळाचं मीच शिकवलं ना त्यांना, माफी असावी.